घरी बांधलेली मोटार, जुनी जीप आणि हेडलाइटची जागा : कोल्हापुरात पासिंगला नेण्याआधी

शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत ज्याचा लेथ आणि वेल्डिंगवर हात बसलाय, त्याला मोटार बांधणं फारसं अवघड नाही. अवघड आहे ती एमएच ०९ ची पाटी. त्यामुळे "हेडलाइट किती उंचीवर घेऊ?" असं कुणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं : गाडीला आरसी आहे का, आणि कुठल्या गाडीची?

आरसीच नसेल, चासीपासून सगळं स्वतः बनवलं असेल, तर आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक नुसती टेप लावून ती पास करू शकत नाही. नोंदणीच्या फॉर्म २० बरोबर फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा उत्पादकाचा दाखला लागतो. तो देता येतो अशाच उत्पादकाला, ज्याचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे तपासून मंजूर झालाय. ही तपासणी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा ठरावीक संस्था करतात. ब्रेक, धूर, स्टीअरिंग, दिवे, सगळंच तिथं बघितलं जातं. एकाच गाडीसाठी हा खटाटोप सहसा परवडत नाही. २०२१ च्या डिसेंबरात शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कारागिराची, किक मारून सुरू होणारी छोटी जीप देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ती नियमांत बसत नाही हेही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. 'नाद खुळा' म्हणायला सगळे असतात, फॉर्म २२ द्यायला कुणी नसतं.

कॉलेजच्या पोरांनी बांधलेली गो-कार्ट किंवा स्पर्धेची गाडी ही गोष्ट निराळी. जी फक्त बंदिस्त आवारात चालवण्यासाठीच बनवली आहे, ती कायद्याच्या व्याख्येतलं 'मोटार वाहन' ठरत नाही. मात्र ट्रॅकपर्यंत ती टेम्पोत घालूनच न्यायची.

आपल्याकडे 'घरी बांधलेली' म्हणजे बहुतेक वेळा जुनी जीप असते. आरसी आणि चासी मूळचीच, बाकी पत्रा, वायरिंग, सीटा नव्या. इथं रस्ता मोकळा आहे, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ध्यानात ठेवा. उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलाच्या विरुद्ध बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला दर बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून माझं मत सरळ आहे : कंपनीनं हेडलाइट जिथं दिले होते, तिथंच ठेवा. ग्रील बदलून ते बंपरवर उतरवायचे किंवा मडगार्डवर चढवायचे, हा नाद सोडा.

मग आकडे कशाला? तर दिवे न हलवताही त्यांची जागा बदलते. मोठे टायर घातले, कमानपट्ट्यात जादा पान टाकलं की हेडलाइट वर जातो. मडगार्ड रुंद केलं की तोच हेडलाइट गाडीच्या कडेपासून आत गेला असं धरलं जातं. दिव्यांच्या जागेसाठी एआयएस-००८ हे मानक आहे. डिपरच्या, म्हणजे खाली झुकलेल्या झोताच्या दिव्याच्या, उजळणाऱ्या भागाची खालची कड जमिनीपासून ५०० मिलिमीटरच्या खाली नको आणि वरची कड १,२०० च्या वर नको. माप कडेचं घ्यायचं, बल्बच्या मध्याचं नाही, आणि गाडी रिकामी असताना. बाहेरची कड गाडीच्या सगळ्यात रुंद भागापासून ४०० मिलिमीटरपेक्षा आत नको.

झोताचा नियम १०६ वेगळा आहे. हेडलाइटपासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस डिपरवर दिपता कामा नये. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचीच ही जागा. ऊसाच्या हंगामात रात्री कागलच्या रस्त्यानं जो येतो, त्याला हा नियम कशासाठी आहे ते सांगावं लागत नाही.

घरी बघायचं तर सपाट जागेत भिंतीपासून १० मीटरवर गाडी लावा. टायरमध्ये हवा नेमकी, ड्रायव्हर सीटवर बसलेला, मागं सामान नाही. भिंतीवर हेडलाइटच्या मध्याच्या उंचीची रेघ मारा. डिपरची उजेड-अंधाराची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. म्हणजे दिव्याचा मध्य ७५ सेंटिमीटरवर असेल तर कड ६० ते ६५ वर. ती कड डावीकडे वर चढलेली हवी, कारण आपण डावीकडून चालवतो. परदेशातून मागवलेले गोल हेडलाइट इथंच घात करतात. उजव्या वाहतुकीच्या दिव्याची कड उजवीकडे चढते आणि उजेड थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो. युरोपीय पद्धतीच्या काचेवर डाव्या वाहतुकीची खूण म्हणजे आडवा बाण, दिव्यासमोर उभं राहून पाहिलं तर उजवीकडे रोखलेला. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसला की कडच विस्कटते, मग स्क्रू कितीही फिरवा. साधा ६०/५५ वॅटचा एच-४ हॅलोजन बल्ब आणि चांगला रिले एवढं पुरतं.

आता कागदं. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, पुढं दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवर फॉर्म २५ भरायचा. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, पॅन आणि चासी नंबरची पेन्सिल प्रिंट. पर्यावरण करही भरावा लागतो. १५ वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, आणि २० वर्षं उलटली असतील तर २०२५ पासून १०,००० रुपये.

५० वर्षांवरची जीप असेल तर 'व्हिंटेज' नोंदणीचा मोह होतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केलेला चालत नाही, त्यामुळे पेट्रोलचं इंजिन काढून डिझेल बसवलेली जीप बाद. शिवाय ती रोज फिरवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

पासिंगच्या आदल्या दिवशी चासी नंबर वाचता येतो का बघा. रंगाखाली गेला असेल तर रंग काढायचं द्रावण लावून कापडानं पुसा. ग्राइंडर लावला तर नंबरशी छेडछाड झाल्याचा संशय येतो, आणि मग हेडलाइटपर्यंत कुणी पोहोचतच नाही.