गेममधले संगीत मीडिया प्लेअरवर का अडते : पार्श्वभूमी

१९९० च्या दशकात पुण्यातल्या अनेक घरांत टीव्हीला जोडून जो 'व्हिडिओ गेम' खेळला जाई, तो बहुधा निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम या गेमयंत्राची नक्कल असे. त्या वयात कानात बसलेल्या सुरावटी पुन्हा ऐकाव्यात म्हणून आज कोणी त्यांची एनएसएफ (फॅमिकॉमच्या संगीताची) फाइल उतरवून घेतो, नेहमीच्या प्लेअरमध्ये टाकतो आणि 'फाइल खराब आहे' असे समजून पुसून टाकतो. फाइल बहुतेक वेळा धडधाकट असते. फक्त तिच्यात ध्वनिमुद्रण नसते.

फॅमिकॉममध्ये आवाज चिपवर तिथल्या तिथे तयार होई. दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक खरखरीचा आणि एक छोट्या नमुन्यांचा, असे पाच स्वरमार्ग तिच्यात होते आणि एनएसएफमध्ये त्यांना आज्ञा देणारा मूळ प्रोग्रामच जपलेला असतो. बंदिशीची स्वरलिपी हाती असली, तरी पेटी आणि ती वाजवणारा नसेल तर सूर उमटत नाही, तसेच हे आहे. निन्टेन्डोच्याच पुढच्या सुपर निन्टेन्डो या यंत्राच्या एसपीसी फाइलमध्ये ध्वनिचिपच्या ६४ किलोबाइट स्मृतीची त्या क्षणीची प्रत असते. अशा फाइलला चिपची नक्कल करणारा प्लेअर लागतो. १९९७ च्या विनॅम्प आणि २००२ च्या फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरांनी बाहेरचे प्लगइन (जोडप्रोग्राम) लावण्याची सोय दिली, म्हणूनच हे संगीत संगणकावर टिकले, असे मला ठामपणे वाटते. एसपीसी अनेकदा आपणहून थांबत नाही, कारण मूळ खेळात ती धून चक्राकार फिरत असे. तो बिघाड नव्हे.

प्लेस्टेशनच्या संगीतासाठी पुढे पीएसएफ हा फाइलप्रकार आला आणि त्यासोबत एक नवी अडचणही. एकाच खेळाच्या अनेक धुनांना लागणारा समान भाग पीएसएफलिब नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवला जातो आणि छोट्या मिनीपीएसएफ फाइलच्या आत त्या लिबचे नाव नोंदलेले असते. एखाद्याने पेनड्राइव्हवर फक्त आवडत्या धुना उचलून दिल्या किंवा लिबचे नाव बदलले, की योग्य प्लगइन असूनही आवाज येत नाही. अशा वेळी प्लेअर बदलत बसण्याआधी मूळ फोल्डर जसाच्या तसा मागून घ्यावा.

डिस्कवर जागा वाढल्यावर गेममध्ये खरेखुरे ध्वनिमुद्रण आले खरे, पण प्रत्येक कंपनीने त्याला आपापले वेष्टन घातले. वाइज या गेमध्वनीच्या प्रणालीच्या वेम फाइलच्या पोटात पुष्कळदा व्हॉर्बिस (ध्वनी दाबून साठवण्याची एक पद्धत) असते, परंतु जागा वाचवण्यासाठी डीकोडिंगची कोष्टके त्यातून काढून टाकलेली असतात. त्यामुळे फाइलच्या नावाच्या शेपटीला व्हॉर्बिसचे नेहमीचे 'ऑग' लावून ती वाजत नाही. तिच्यासाठी व्हीजीएमस्ट्रीम हे गेममधला ध्वनी उलगडणारे सॉफ्टवेअर वापरावे. ते विनॅम्प आणि फूबारमध्ये जोडता येते, शिवाय फाइल साध्या वेव्हमध्ये बदलूनही देते.