इंजिन ऑईलमधील ॲडिटिव्ह आणि तेलाचा थर : नौकामालक व वाहनधारकांसाठी माहिती

आमच्याकडून ऑईल नेताना अनेक ग्राहक ‘थर जाड करणारी’ ॲडिटिव्हची (तेलात मिसळायच्या रसायनाची) बाटलीही मागतात. ती आम्ही सहसा देत नाही. त्यामागचे कारण कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

चालू इंजिनात क्रँकशाफ्ट (फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला आधार देणारे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अवघ्या काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो. वेग वाढला की तो जाड होतो, भार किंवा तापमान वाढले की पातळ होतो. त्यामुळे ट्रॉलर जाळे ओढत सावकाश चालला असताना, फेरे कमी आणि ताण मोठा अशा अवस्थेत, या थराची खरी कसोटी लागते.

दाटपणाशी थेट संबंध असलेले ॲडिटिव्ह म्हणजे लांब साखळीचे पॉलिमर. ते गार तेलात आखडलेले राहतात आणि तापल्यावर पसरतात, म्हणून १५डब्ल्यू-४० ग्रेडचे तेल (पहिला आकडा थंडीतल्या, दुसरा तापल्यावरच्या दाटपणाचा) सकाळी इंजिन सुरू करताना फार घट्ट नसते, तरीही १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकचा दाटपणा राखते. मात्र बेअरिंगच्या अरुंद फटीत हे रेणू प्रवाहाच्या दिशेने ताणले जाऊन दाटपणा तेवढ्यापुरता घटतो, आणि रेणू तुटले तर कायमचा घटतो. याच कारणाने १५० अंशांवर, फटीतल्यासारख्या वेगवान प्रवाहातही दाटपणा मोजतात. या तेलासाठी तो किमान ३.७ मिलिपास्कल-सेकंद असावा लागतो. बाटलीतला चिकट द्रव मिसळल्यावर तेल बोटांना दाट लागेल, पण फटीत ते तसे राहीलच असे नाही.

व्हॉल्व्ह उघडणारे कॅम आणि टॅपेट यांच्यामध्ये, किंवा पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो तेथे, थर जवळजवळ तुटतो. अशा जागी जस्त व फॉस्फरस असलेले झेडडीडीपी हे झीज रोखणारे ॲडिटिव्ह कामी येते. उष्णतेने आणि घर्षणाने त्याचे विघटन होऊन धातूवर सुमारे ०.१ मायक्रॉनचा फॉस्फेटचा लेप बसतो, आणि धातूऐवजी तो झिजतो. तेल त्याने दाट होत नाही. काजळी व आम्ल आवरणारे डिटर्जंटही धातूच्या त्याच पृष्ठभागावर जागा धरू पाहतात, म्हणून उत्पादक या सर्वांचे प्रमाण एकमेकांशी जुळवून ठरवतो. वरून ओतलेली बाटली ते बिघडवू शकते. (ज्या दुचाकीत क्लच इंजिन ऑईलमध्येच बुडालेला असतो, तिच्यात घर्षण घटवणाऱ्या ॲडिटिव्हने तो घसरू शकतो, अशा दुचाकीसाठी डब्यावर ‘जासो एमए’ हे जपानी मानक लिहिलेलेच ऑईल घ्यावे.)

समुद्राच्या पाण्यावर चालणारा कूलर गळून तेल दूध घातलेल्या चहासारखे झाले, किंवा डिझेल मिसळून डिपस्टिकवरची पातळी वाढली, तर कोणतेही ॲडिटिव्ह तो थर परत आणणार नाही. आधी गळती दुरुस्त करावी, मग फिल्टरसह ऑईल बदलावे.

१ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीसाठी नौका ओढून ठेवण्याआधीच ऑईल बदलावे, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल आणि ओलावा दोन महिने बेअरिंगला लागून राहतात. ग्रेडविषयी शंका असल्यास इंजिनच्या पट्टीवरील मजकुराचा फोटो घेऊन दुकानात यावे.