दूरदर्शन सह्याद्री

दूरदर्शन सह्याद्री ही प्रसार भारती या सार्वजनिक प्रसारण संस्थेची मराठी वाहिनी असून तिचे केंद्र मुंबईत वरळी येथे आहे. तिचे मूळ २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्रात आहे. स्वतंत्र उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली आणि ‘सह्याद्री’ हे नाव तिला २००० मध्ये मिळाले. तरीही तिचा इतिहास १९७२ पासूनच सांगावा लागतो, कारण तिची भाषा, तिची माणसे आणि तिच्या सवयी सगळ्या त्या जुन्या केंद्रात घडल्या.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाला. त्या सुरुवातीच्या दिवसांत पु. ल. देशपांडे तिथे काम करत होते. पुढची तेरा वर्षे देशात दुसरे केंद्र निघाले नाही. दुसरे निघाले ते मुंबईचे. त्या वेळी दूरचित्रवाणी आकाशवाणीचाच एक विभाग होती. १ एप्रिल १९७६ रोजी ती वेगळी झाली आणि ‘दूरदर्शन’ या नावाने स्वतंत्रपणे काम करू लागली. त्याच वर्षी १ जानेवारीपासून जाहिराती दाखवायला सुरुवात झाली होती. त्याआधी सगळा भार सरकारी निधीवर होता. घरोघरच्या संचांसाठी परवाना शुल्कही भरावे लागे, ते १९८५ मध्ये बंद झाले.

दूरचित्रवाणीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, वाटेत डोंगर आला की अडतात. वरळीचा सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा मुंबई आणि आसपासच्या पट्ट्याला पुरत असे, पण घाटमाथ्यापलीकडे त्याचा उपयोग नव्हता. म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारण्यात आले. मुंबईचे प्रक्षेपण गडावर पकडायचे आणि तिथून खाली पुण्याच्या बाजूला पुन्हा सोडायचे, अशी ती व्यवस्था होती. पुणेकरांनी गच्चीवर अँटेना लावून गडाच्या दिशेने वळवला आणि मुंबईचे कार्यक्रम घरात आले. मुंबई-पुण्याबाहेरच्या महाराष्ट्राला मात्र बरीच वर्षे थांबावे लागले.

पहिल्या दशकात प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच असे, आणि तेवढ्यात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा सगळ्या भाषांना जागा करून द्यायची होती. ‘आवो मारी साथे’ हा गुजराती कार्यक्रम, तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी मुलाखतींचा कार्यक्रम आणि ‘छायागीत’ ही हिंदी चित्रपटगीतांची मालिका या सगळ्या एकाच केंद्रावर दिसत. मराठीला त्यातला वाटा मिळे. वाटा लहान होता, पण त्यात जे झाले ते फार मोठे होते.

याचे मुख्य कारण केंद्राची निर्मितीपद्धती हे होय. कार्यक्रम बाहेरच्या कंपनीकडून विकत घेतले जात नसत, ते केंद्राचे नोकरदार निर्माते स्वतः करत. विषय सुचवण्यापासून कलाकार बोलावणे, तालमी घेणे, स्टुडिओत तीन-चार कॅमेऱ्यांवर चित्रीकरण करणे इथपर्यंतची जबाबदारी एका निर्मात्यावर असे. हे निर्माते साहित्य, नाटक, संगीत, शिक्षण अशा क्षेत्रांतून आलेले होते. मराठी रंगभूमीची माणसे हाकेच्या अंतरावर होती, आणि प्रायोगिक नाटकाचा तो बहराचा काळ होता. सुहासिनी मुळगावकर यांचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, विनय आपटे यांच्या हातून घडलेला ‘गजरा’, विजया जोगळेकर-धुमाळे यांनी सादर केलेली ‘चिमणराव’ मालिका ही त्या पद्धतीची ठळक फळे. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरच्या या मालिकेत दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ झाले. पुढे कितीही भूमिका केल्या तरी त्या पिढीच्या प्रेक्षकांसाठी हे दोघे चिमणराव-गुंड्याभाऊच राहिले.

आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’चा वेगळा उल्लेख करायला हवा. समाजशिक्षणाचा हा कार्यक्रम पाहून प्रेक्षकांनी गावोगावी ‘ज्ञानदीप मंडळे’ काढली. पडद्यावर सांगितलेले एकत्र बसून बोलायचे आणि त्यातले जमेल ते आपल्या वस्तीत करून पाहायचे, असे त्यांचे स्वरूप होते. सार्वजनिक वाहिनीने प्रेक्षकाला केवळ बघ्या न ठेवता कामाला लावले, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मराठीत नाही.

शेतकऱ्यांसाठीचा ‘आमची माती आमची माणसं’ हा केंद्राचा सर्वांत दीर्घायुषी कार्यक्रमांपैकी एक. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात निघाली होती, म्हणजे केंद्राच्याच वयाची होती. त्यांच्याकडचे ज्ञान बांधापर्यंत नेण्याचे काम या कार्यक्रमाने केले. खोडकिडीपासून ठिबक सिंचनापर्यंतचे विषय तज्ज्ञ आणि शेतकरी समोरासमोर बसून बोलत, आणि बोलण्यात त्या त्या भागाची बोली तशीच येऊ दिली जाई. कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, तरुणांसाठी ‘युवदर्शन’ आणि मुलांसाठी ‘किलबिल’ असे कार्यक्रम होते. आठवडाभरात काय काय दिसणार ते ‘साप्ताहिकी’ सांगे, आणि लोक ती वही-पेन घेऊन पाहत.

बातम्यांनी या केंद्राला घराघरांत विश्वास मिळवून दिला. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे यांनी अभिनयात नाव होण्याच्या काळात इथे मराठी बातम्या वाचल्या. बालसाहित्यिक अनंत भावे यांचे वाचनही अनेकांच्या लक्षात आहे. १९७४ पासून वाचू लागलेले प्रदीप भिडे तर मराठी बातम्यांचा आवाजच झाले. शांत चेहरा, स्पष्ट उच्चार, वाक्याच्या शेवटी न चढणारा स्वर हे वळण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिले. ‘सातच्या बातम्या’ हा शब्द आजही लोकांच्या तोंडी आहे.

१९८२ हे वर्ष उलथापालथीचे ठरले. १५ ऑगस्टला दिल्लीहून देशभर एकाच वेळी दाखवला जाणारा ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला, नोव्हेंबरमधील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, आणि लवकरच जिल्ह्याजिल्ह्यांत कमी शक्तीचे प्रक्षेपक उभे राहू लागले. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांना दूरचित्रवाणी मिळाली ती याच लाटेत. पण या प्रक्षेपकांना उपग्रहावरून येई तो दिल्लीचा कार्यक्रम. मुंबईत तयार झालेले मराठी कार्यक्रम राज्यभर पोचायला आणखी काही वर्षे गेली. इकडे मुंबई-पुण्यातही रात्रीची मोक्याची वेळ राष्ट्रीय कार्यक्रमाकडे गेली आणि मराठीला संध्याकाळच्या सुरुवातीच्या तासांवर भागवावे लागले. नागपूरला स्वतंत्र केंद्र झाले हा त्यातला दिलासा. प्रादेशिक वाहिनीचे वेळापत्रक कोणी ठरवायचे, हा प्रश्न तेव्हा दिल्लीच्या बाजूने सुटला आणि मराठीचे त्यात नुकसान झाले, असेच म्हणावे लागेल.

त्या चौकटीतही चांगले काम होत राहिले. मुंबई पोलिसांच्या तपासांवरची ‘एक शून्य शून्य’ ही मालिका ऐंशीच्या दशकात गाजली. तिचे दिग्दर्शक बी. पी. सिंह याच केंद्रात वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केलेले, आणि तिच्यातले शिवाजी साटम पुढे त्यांच्याच हिंदी गुन्हेशोध मालिकेमुळे देशभर ओळखले गेले. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरील मालिकाही मुलांच्या पिढीला आठवते.

१९९४ मध्ये मराठीसाठी ‘डीडी-१०’ ही उपग्रह वाहिनी मिळाली आणि तासांची टंचाई एकदम संपली. आता प्रश्न उलटा झाला. एवढे तास भरण्याइतके निर्माते केंद्रात नव्हते, त्यामुळे प्रायोजित आणि बाहेरून करवून घेतलेल्या मालिकांचे प्रमाण वाढले. प्रतीक्षा लोणकर यांची मुख्य भूमिका असलेली ‘दामिनी’ ही मराठीतली पहिली दैनंदिन मालिका याच काळातली. १९९७ मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आली आणि दूरदर्शन तिच्या अखत्यारीत गेले. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आणि २००० मध्ये ई टीव्ही मराठी या खासगी वाहिन्या सुरू झाल्या. कथामालिकांचा प्रेक्षक झपाट्याने तिकडे वळला. सह्याद्रीकडे शेती, आरोग्य, शास्त्रीय संगीत, लोककला आणि चर्चा हे विषय राहिले. ‘हॅलो सखी’ आणि ‘हॅलो डॉक्टर’ यांसारख्या थेट कार्यक्रमांत प्रेक्षक फोन करून तज्ज्ञांना प्रश्न विचारू लागले.

करोनाकाळात शाळा बंद पडल्या तेव्हा सार्वजनिक वाहिनी हाताशी असण्याचे मोल पुन्हा दिसले. २० जुलै २०२० पासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची शैक्षणिक मालिका सह्याद्रीवर दाखवण्यात आली. स्मार्टफोन किंवा इंटरनेट नसलेल्या घरांतही ती पोचू शकत होती. जमिनीवरचे जुने प्रक्षेपक मात्र याच सुमारास मोडीत निघत होते. मार्च २०२२ पर्यंत देशातले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद झाले, आणि आता वाहिनी केबल, डीटीएच आणि विनाशुल्क ‘डीडी फ्री डिश’वरून दिसते.

या इतिहासाची मोठी उणीव संग्रहात आहे. सुरुवातीच्या काळात चित्रफिती महाग होत्या, त्यामुळे कार्यक्रम दाखवून झाला की त्याच फितीवर दुसरा मुद्रित होई. पुष्कळसे कार्यक्रम तर थेटच प्रक्षेपित झाले आणि कुठेच उरले नाहीत. जे टिकले त्यांतले काही भाग वाहिनीच्या यूट्यूब पानावर पाहायला मिळतात.