दोन रंग दिसले म्हणजे रेशीम खरं?

लग्नसराई आली की एक मेसेज हमखास फिरतो: "पैठणी हलवून बघा, दोन रंग चमकले तर अस्सल रेशीम, नाहीतर नकली."

दोन रंग दिसतात ते विणीमुळे. मागावर उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की झाली धूपछाव. ताणा हिरवा, बाणा जांभळा असेल, तर पदर सरळ धरल्यावर एक रंग वर येतो आणि निरीला घडी पडली की तिथे दुसरा उजळतो. दोन्हीकडे एकच रंग घातला, तर शंभर टक्के रेशमातही धूपछाव येणार नाही. आणि दोन रंगांचं पॉलिस्टर विणलं तर त्यातही येते. रेशमाचा तंतू साधारण तिकोनी असतो, त्याने प्रकाश छान परततो हे खरं. पण तसाच तीन कोनांचा पॉलिस्टर धागाही बनतो. त्यामुळे नुसत्या चमकेवर विश्वास ठेवू नका.

मग ओळखायचं कसं? पदराच्या टोकाचा एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही काढाच, कारण कधीकधी एकच रेशमी असतो. चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, राख बोटाने चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉन कागदासारखा भुरकन जळतो.

दुकानात धागा काढू देत नाहीत, तिथे सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं लेबल बघा.