भूकंपानंतरची व्हीलचेअर: आधी गादी बघा, मग चाकं

८ ऑक्टोबर २००५ ला काश्मीरमध्ये ७.६ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला आणि जखमींमध्ये शेकडो लोक असे होते की ज्यांचा मणका मोडला होता आणि कमरेखालचं काहीच हलत नव्हतं. २०१० ला हैतीत आणि २०१५ ला नेपाळमध्ये डॉक्टरांना पुन्हा असेच पेशंट बघावे लागले. छत किंवा भिंत पाठीवर कोसळते, माणूस पुढे दुमडला जातो, नाहीतर जीव वाचवायला कुणी वरच्या मजल्यावरून उडी मारतं. मार बहुतेकदा बसतो तो छातीचा पिंजरा संपून कंबर सुरू होते त्या जागी, कारण वरचे मणके बरगड्यांनी जखडलेले असतात, खालचे मोकळे असतात आणि सगळा ताण दोघांच्या मधल्या जागेवर येतो. तिथे मज्जारज्जू चिरडला की पाय जातात पण हात शाबूत राहतात. म्हणजे स्वतःच्या हाताने व्हीलचेअर चालवू शकेल असा हा पेशंट असतो, बरेचदा तरुण असतो, आणि त्याच्यापुढे अख्खं आयुष्य पडलेलं असतं.

मग मदत येते आणि त्यात व्हीलचेअरही येतात, सगळ्या एकाच साइजच्या, घडीच्या, रेक्झिनचं झोळीसारखं सीट असलेल्या. ही खुर्ची मुळात हॉस्पिटलमध्ये पेशंटला वॉर्डातून एक्स-रेला न्यायला बनवलेली असते, थोडा वेळ बसायला, आणि मागून कुणीतरी ढकलणार हे धरून. तिच्यात एखाद्याने रोज आठ-दहा तास बसायचं असा विचारच त्या डिझाइनमध्ये नसतो. मी स्पष्टच लिहितो, पायांची संवेदना गेलेल्या माणसाला गादीशिवाय अशी खुर्ची दिली तर त्याचा जीवही जाऊ शकतो.

कसा ते बघू. ताठ बसून दोन्ही तळहात ढुंगणाखाली घातले की दोन हाडं टोचतात ना, बसल्यावर अंगाचं बरंचसं वजन त्या दोन हाडांवर असतं, आणि हाड आणि सीट यांच्यामध्ये कातडी, चरबी आणि स्नायू चेपले जातात. केशवाहिन्यांमध्ये रक्त शिरतं तिथे प्रेशर साधारण ३२ मिलिमीटर मर्क्युरी असतं, कडक सीटवर हाडाखाली याच्या कितीतरी पट दाब येतो, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा थांबतो. आपल्याला रग लागते, आपण नकळत थोडं सरकून बसतो आणि विषय संपतो. मणका मोडलेल्या माणसाचा हा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नाही, तो तसाच बसून राहतो, वर लुळे पडलेले स्नायू हळूहळू सुकत जातात म्हणजे हाडाखालची नैसर्गिक गादीही पातळ होते. बेडसोर, म्हणजे दाबामुळे होणारी जखम, अनेकदा आत हाडाजवळ सुरू होतो, त्यामुळे बाहेर रुपयाएवढा लाल डाग दिसतो तेव्हा आत मोठी पोकळी झालेली असू शकते. मग इन्फेक्शन हाडात जातं, रक्तात जातं, आणि ढिगाऱ्यातून वाचलेला माणूस काही महिन्यांनी जखमेने जातो.

म्हणून गादी, ज्याला सगळे कुशन म्हणतात, ती व्हीलचेअरची अॅक्सेसरी नाहीये, ती पहिली गोष्ट आहे. हवेची असते, जेलची असते, किंवा नीट कापलेल्या फोमची, ज्यात बसायच्या हाडांखाली खळगा ठेवून वजन मांड्यांवर पसरवतात. आणि ती बरोबर आहे की नाही हे तपासायला मशीन लागत नाही. डब्ल्यूएचओच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात ती पद्धत अशी, माणूस खुर्चीत बसलेला असताना फिजिओ आपली बोटं कुशन आणि बसायचं हाड यांच्यामध्ये सरकवतो, अगदी हाडाखाली. बोटांची टोकं थोडी वरखाली हलवता आली, पाचेक मिलिमीटर, तर ठीक. हलत नाहीत पण सहज बाहेर निघतात, तर सावध. बोटं चिमटल्यासारखी अडकली आणि ओढून काढावी लागली तर ते कुशन त्या माणसाला चालणार नाही. दोन्ही बाजूंना हे करायचं. मला ही टेस्ट फार आवडते कारण ती तंबूतही करता येते. आणि चांगलं कुशन असलं तरी दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दाब काढायचाच असतो, ही सवय पेशंटला आणि घरच्यांना दोघांनाही लावावी लागते.

मापांचंही तसंच आहे. सीट कमरेपेक्षा खूप रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलतो आणि एकाच हाडावर वजन जातं. सीट जास्त लांब असेल तर गुडघ्यामागे टोचतं म्हणून तो पुढे घसरून बसतो आणि मग माकडहाडाजवळ जखम होते. फूटरेस्ट वर असेल तर मांड्या उचलल्या जातात आणि सगळा भार परत त्या दोन हाडांवर. म्हणजे पाना घेऊन फूटरेस्ट थोडा खाली केला तरी बेडसोरचा धोका कमी होतो.

आता चाकं. पुढची छोटी चाकं, कॅस्टर, गुळगुळीत फरशीवर मस्त फिरतात, पण खडी, चिखल, विटांचे तुकडे यात रुततात आणि खुर्ची जागच्या जागी थांबून माणूस पुढे फेकला जातो. त्यावर उपाय म्हणजे कॅस्टर मोठे आणि रुंद घ्यायचे आणि पुढे-मागे चाकांमधलं अंतर वाढवायचं. अमेरिकन इंजिनियर राल्फ हॉचकिस स्वतः १९६६ च्या मोटरसायकल अपघातापासून व्हीलचेअरवर, त्यांनी व्हर्लविंड रफरायडर ही खुर्ची याच विचाराने बनवली. मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, थोडा पुढे घेतला की कॅस्टरवरचं वजन कमी होतं, ढकलायला हलकं जातं, पण चढावर मागे उलटायची भीती वाढते. ज्याचे दोन्ही पाय कापावे लागलेत त्याच्या बाबतीत उलटं करावं लागतं, पुढचं पायांचं वजनच गेलेलं असतं, म्हणून एक्सल मागे सरकवायचा, नाहीतर पहिल्याच चढावर खुर्ची मागे कलंडते. एकच खुर्ची सगळ्यांना का चालत नाही ते इथे कळतं.

मजबुतीसाठी आयएसओ ७१७६ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात खुर्ची पट्ट्या लावलेल्या फिरत्या ड्रमवर २,००,००० चक्कर चालवतात आणि ५ सेंटिमीटरवरून ६,६६६ वेळा आपटतात. पण हे लॅबमध्ये, कोरड्यात. चिखल, धूळ, पाऊस त्यात नसतो, त्यामुळे टेस्ट पास झालेल्या खुर्चीचं बेअरिंगसुद्धा छावणीत लवकर खराब होऊ शकतं.

डब्ल्यूएचओच्या अंदाजाने जगात ८ कोटी लोकांना व्हीलचेअरची गरज आहे आणि देशागणिक त्यातल्या फक्त ५ ते ३५ टक्क्यांनाच ती मिळते. २०२३ च्या त्यांच्या गाइडलाइनमध्ये चार टप्पे आहेत, निवडणं, फिट करणं, शिकवणं आणि नंतर पाठपुरावा. आपत्तीत पहिलाच टप्पा घाईत होतो, आणि चौथा तर बहुतेक वेळा होतच नाही, कारण माणूस हॉस्पिटलमधून छावणीत, छावणीतून नातेवाइकांकडे जातो, पत्ता बदलतो, आणि तोपर्यंत फोमचं कुशन दबून पातळ झालेलं असतं. त्यामुळे कुणी व्हीलचेअर द्यायचा विचार करत असेल तर माझं म्हणणं आहे की खुर्च्यांचा आकडा थोडा कमी ठेवा आणि त्या पैशात प्रत्येकाला एक जादा कुशन, पंप, पंक्चरचं सामान, आणि सायकलवाल्याकडे मिळतील अशा मापाचे टायर-ट्यूब द्या, आणि सहा महिन्यांनी परत जाऊन तीच बोटांची टेस्ट करणारा एक फिजिओ.