रांग मोडेममध्ये, नियम राउटरमध्ये

पेट्रोल पंप, गोदाम, बँकेची छोटी शाखा अशा ठिकाणी आता सिमकार्डवरचा राउटर सर्रास दिसतो. स्पीड टेस्टला वेग चांगला दिसतो, पण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग अपलोड व्हायला लागलं की इंटरनेटवरच्या कॉलचा आवाज तुटतो. मग सिम बदलतात, अँटेना बदलतात. दोष बहुतेक वेळा रांगेत असतो.

राउटरला टॉवरशी जोडणाऱ्या मोडेमला हवं तेव्हा डेटा पाठवता येत नाही. तो टॉवरकडे परवानगी मागतो आणि मिळेल तेवढीच पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, सोडतो. उरलेली त्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबतात. हा बफर मोठा असतो, त्यामुळे पॅकेट हरवत नाही. आणि पॅकेट हरवत नाही म्हणून पाठवणारा संगणक वेग वाढवतच राहतो. बफरमध्ये १ मेगाबाइट साठलं आणि अपलोड ५ एमबीपीएस असेल, तर ते उपसायला १.६ सेकंद लागतात. कॉलचं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. बोलणं सहज व्हायला एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत हवा.

राउटरमध्ये कॉलला पहिला क्रमांक देऊनही फरक पडत नाही तो यामुळेच. रांग तुमच्या राउटरमध्ये नाही, पुढे मोडेममध्ये आहे आणि तिथे तुमचा नियम चालत नाही. म्हणून रांग मागे ओढावी लागते. सकाळी, दुपारी आणि रात्री अपलोड मोजा, सर्वांत कमी आकड्याच्या ८० टक्क्यांवर राउटरची मर्यादा ठेवा. ५ मिळत असतील तर ४. आता राउटरच अरुंद जागा झाला, रांग त्याच्यात लागते आणि अग्रक्रम खरोखर लागू होतो. सोबत राउटरमध्ये रांग सांभाळणारी ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ ही पद्धत निवडा. कोडेल रांगेची लांबी मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतो. ती वाट सलग १०० मिलिसेकंद ५ मिलिसेकंदांच्या वर राहिली की तो पॅकेट टाकून देतो, आणि पाठवणाऱ्याला वेळेत इशारा मिळतो.

जी.७११ या आवाजाच्या कोडिंग पद्धतीचा एक कॉल प्रत्येक दिशेला सुमारे ८० केबीपीएस घेतो. दहा कॉलना ८००. अग्रक्रमाच्या वर्गाला कमाल मर्यादा घालाच, नाहीतर चुकून त्यात शिरलेला बॅकअप सगळी लाइन गिळतो. कार्ड मशीन आणि बिलिंग त्याच्या खाली, सीसीटीव्ही सर्वांत शेवटी. व्हीपीएन, म्हणजे डेटा सांकेतिक करून नेणारी खासगी वाट, असेल तर वर्गीकरण एन्क्रिप्शनच्या आधी करा. नंतर राउटरला आत काय आहे ते कळत नाही.

पॅकेटवर डीएससीपी ४६ चा, म्हणजे ‘हे आधी सोडा’ असा, शिक्का मारला म्हणजे टॉवर मान देईल, असं मात्र नाही. टॉवर सेवेचे वर्ग क्यूसीआय या क्रमांकाने ठरवतो: तुमचा डेटा सहसा क्यूसीआय ९ या सर्वसाधारण वर्गात जातो, व्होल्टी कॉल (४जीवरचा फोनचा कॉल) क्यूसीआय १ मध्ये. म्हणून त्याच टॉवरवर फोनचा साधा कॉल स्वच्छ येतो. वरचा वर्ग फक्त ऑपरेटर देऊ शकतो, तेही करारात लिहून घ्यावं लागतं. ५जीतही हीच विभागणी आहे. ‘५जी घेतलं की अडचण संपली’ ही निव्वळ जाहिरात.

शेवटी अपलोड चालू ठेवून पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, बघा. लाइन रिकामी असताना ४० मिलिसेकंद आणि आता ४०० येत असेल, तर रांग अजून मोडेममध्येच आहे. मर्यादा आणखी खाली आणा.