ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञान : ठाणे–नवी मुंबईच्या संदर्भात

ख्रिस्ती श्रद्धा आणि विज्ञान यांचे मुळातच वैर आहे, या मताला संघर्षवाद म्हणतात. जॉन विल्यम ड्रेपर (१८७४) आणि अँड्र्यू डिक्सन व्हाइट (१८९६) या दोन अमेरिकन लेखकांनी तो रूढ केला. आजचे विज्ञानेतिहासकार तो जसाच्या तसा मानत नाहीत. मात्र भांडण कधी झालेच नाही, असे म्हणणे ही दुसऱ्या टोकाची थाप होय. भांडणे झाली, काही आजही चालू आहेत. फक्त ती जिथे शोधली जातात तिथे बहुधा नसतात.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च १५८२ सालचे मानले जाते. त्याच वर्षी पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिकेतून दहा दिवस कापून टाकले. गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर थेट शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला. ज्युलियन वर्ष खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा मिनिटांनी मोठे होते. शतकानुशतके साचलेल्या या मिनिटांमुळे वसंतसंपात (वसंतात दिवस-रात्र सारखे असण्याचा क्षण) २१ मार्चवरून ११ मार्चपर्यंत सरकला होता, आणि ईस्टरचा रविवार संपात व पौर्णिमेवरून ठरत असल्याने सणच चुकू लागला होता. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी एखाद्या वर्षी गणपती महिनाभर आधी येतात, हे पाहिलेल्या मराठी माणसाला ही अडचण समजावून सांगायला नको. दुरुस्तीची आखणी लिलियस या वैद्याची. तिचे गणित जगापुढे मांडले क्लाव्हियस या जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाच्या) गणितज्ञाने. पुढे १६५५ मध्ये कॅसिनी या खगोलज्ञाने इटलीतल्या बोलोन्याच्या सान पेत्रोनियो चर्चच्या छतातल्या छिद्रातून येणारा सूर्याचा कवडसा फरशीवरच्या रेषेवर मोजला. देवळाचीच वेधशाळा झाली, आणि तीही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने.

मग गॅलिलिओचे काय? सूर्य मध्यभागी मांडणारा कोपर्निकस (ग्रंथ १५४३) स्वतः कॅथीड्रलचा पदाधिकारी होता. रोममधल्या जेझुइट खगोलज्ञांनी १६११ मध्ये गॅलिलिओची दुर्बिणीतली निरीक्षणे पडताळून खरी ठरवली होती. तरीही मार्च १६१६ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर 'दुरुस्ती होईपर्यंत' बंदी आली. योगायोग असा, की त्याच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. स्टीफन्स यांची कर्मभूमी साष्टी. ही साष्टी गोव्याची, ठाणे ज्या बेटावर वसले ती साष्टी वेगळी. नावाच्या या घोळात अभ्यासकही फसतात.

२२ जून १६३३ रोजी गॅलिलिओला गुडघे टेकून पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपले मत मागे घ्यावे लागले, आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो नजरकैदेत राहिला. त्याच्या हाती निर्णायक पुरावा नव्हता, हे त्याच्या विरोधकांच्या बाजूने सांगितले जाते आणि ते खरेही आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते याची साक्ष देणारे ताऱ्याचे पराशय (पृथ्वीच्या जागाबदलामुळे तारा किंचित सरकलेला दिसणे) प्रथम १८३८ मध्ये बेसेल या खगोलज्ञाने मोजले. पण पुरावा अपुरा असणे हा गुन्हा नव्हे. प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या धक्क्याने बिथरलेल्या चर्चसंस्थेला बायबलचा अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा, ही खरी चिंता होती. पोप दुसरे जॉन पॉल यांनी चूक जाहीरपणे मान्य केली ती १९९२ मध्ये.

मराठी मुलखात हा वाद आला तो वेगळ्याच वाटेने. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगर येथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. त्यात खगोल, भूगोल, पदार्थविज्ञानाची माहिती असे आणि तिला एक धारही असे: क्षीरसागर कुठे आहे, शेषाच्या फण्यावर पृथ्वी कशी टेकली, राहू चंद्राला गिळतो तर मग ग्रहणाची वेळ आधी कशी सांगता येते? म्हणजे विज्ञान इथे धर्माविरुद्ध नव्हे, एका धर्माच्या हाती दुसऱ्याविरुद्धचे हत्यार म्हणून आले. ग्रहण ही सावली आहे, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच सांगितले होते, ही गोष्ट त्या धुमाळीत मागे पडली. हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले. पुराणाला जो निकष, तोच बायबलमधल्या 'उत्पत्ती'च्या पुस्तकाला का नाही, हा प्रतिप्रश्न टळण्यासारखा नव्हताच. पाठोपाठ १८५९ मध्ये डार्विनचा ग्रंथ आला. हत्यार उलटले. संघर्षवाद मराठी वाचकाला इतका ओळखीचा वाटतो, तो या उलटफेरामुळे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उत्क्रांतीबाबत ख्रिस्ती पंथांत एकवाक्यता नाही. कॅथलिक चर्चने १९५० मध्ये संशोधनाला वाव दिला आणि १९९६ मध्ये उत्क्रांती ही गृहीतकापेक्षा अधिक असल्याचे मान्य केले. आत्मा मात्र ईश्वरनिर्मितच, ही अट कायम. सहा दिवसांची सृष्टी अक्षरशः खरी मानण्याचा आग्रह मुख्यतः प्रोटेस्टंटांमधल्या इव्हँजेलिकल आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांत आढळतो. ठाणे–नवी मुंबईत कॅथलिक, मराठी प्रोटेस्टंट, केरळी सीरियन ख्रिस्ती आणि पेंटेकोस्टल एकाच उपनगरात नांदतात, तेव्हा 'ख्रिस्ती लोक काय मानतात' या प्रश्नाला एक उत्तर मिळत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' चा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे, आणि मंडळाचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या मिशनच्या शाळेतही तोच शिकवायचा असतो. आनुवंशिकतेचे नियम वाटाण्याच्या झाडांवरून शोधणारा मेंडेल (शोधनिबंध १८६६) ऑगस्टिनियन मठवासी होता.

ईस्ट इंडियन या मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिक समाजाचा आगेरा हा सण इथे उपयोगी पडतो. ऑक्टोबरच्या आरंभी नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांच्यावर आशीर्वचन उच्चारतात. शेते इमारतींखाली गेली त्या गावठाणांतही लोंब्या बाहेरून आणून सण होतो. पीक पावसाने, खताने आणि नांगराने आले हे ज्याने चिखलात पाय घालून लावणी केली त्याला कुणी शिकवायला नको. तरी तो ते देवाचे म्हणतो. थॉमस अक्वायनस या धर्मतत्त्वज्ञाने तेराव्या शतकात यालाच आदिकारण आणि दुय्यम कारण असा भेद करून शास्त्रीय रूप दिले: निसर्गाची कारणे खरी, आणि त्या कारणांना अस्तित्व देणारा ईश्वरही खरा. हा युक्तिवाद पटो वा न पटो, प्रयोगशाळेत तो खोटा पाडता येत नाही. त्याची ताकद तीच आणि दुबळेपणाही तोच.

विश्वोत्पत्तीच्या वादात तर भूमिका चक्क उलटल्या. विश्व प्रसरण पावते, असे १९२७ मध्ये मांडणारा आणि १९३१ मध्ये 'आदिअणू'ची कल्पना देणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन धर्मगुरू. तिला 'बिग बँग' (महास्फोट) हे नाव १९४९ मध्ये दिले ते तिच्या विरोधकाने, खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी. हॉइल यांना या आरंभात निर्मितीकथेचा वास येत असे. त्यांचे सहकारी जयंत नारळीकर अखेरपर्यंत महास्फोटाविषयी साशंक राहिले, आणि मराठी वाचकाची विश्वरचनाशास्त्राशी ओळख बव्हंशी त्यांच्याच लेखणीतून झाली. उलट पोप बारावे पायस यांनी १९५१ च्या भाषणात या सिद्धांताचा निर्मितीशी मेळ घातला, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाला. आपले गणित श्रद्धेच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्षीला उभे करू नये, असे त्याचे म्हणणे होते.

खरी ठिणगी पडते ती चमत्कारांवर. २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ले येथे क्रुसावरून पाणी ठिबकू लागले आणि लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडामरुकू यांनी जवळच्या तुंबलेल्या सांडपाण्याचा माग काढला. भिंतीतून केशाकर्षणाने वर चढलेले पाणी क्रुसावाटे गळत होते. समईत बुडालेली वात तेल वर ओढते तसेच. उत्तरादाखल त्यांच्याविरुद्ध धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या आणि ते फिनलंडला गेले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात आलेला जादूटोणाविरोधी कायदा, तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणाऱ्याचा धर्म विचारत नाही.

दुसरी ठिणगी प्रसूतिगृहातली. मुंबईत केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. जेमतेम सहा महिन्यांनी, फेब्रुवारी १९८७ च्या तारखेच्या निवेदनात, व्हॅटिकनने कृत्रिम गर्भधारणा नैतिकदृष्ट्या अमान्य असल्याचे जाहीर केले. हे तंत्र चालते, हे चर्च नाकारत नाही. भ्रूणाशी असे वागावे का, हा त्याचा आक्षेप आहे. वंध्यत्व-उपचार केंद्राच्या फलकाखालून रविवारच्या मिसला जाणाऱ्या कॅथलिक जोडप्यापुढे गॅलिलिओ किंवा डार्विन नसतो, हा आक्षेप असतो.